अण्णांची रात्रीची पावलं

रविवारी दुपारी चार वाजता अण्णांनी दोन्ही मनगटांवरची घड्याळं काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि या घरात सर्वांत जास्त आपणच चालतो, असं जाहीर केलं.

अण्णांचे गुडघे कसे आहेत हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. वरच्या घरातून खाली दुकानात यायचं तर ते कठडा धरून एकेका पायरीशी तह करत उतरत.

"कुणी सांगितलं?" आत्याने विचारलं. ती अण्णांची धाकटी बहीण. शेजारच्या गल्लीत राहायची आणि या घरातल्या एकाही भांडणाला आजवर गैरहजर राहिली नव्हती.

"मी नाही म्हणत. घड्याळ म्हणतंय," अण्णा म्हणाले. "चौकोनी."

"आजपर्यंत आकडे पाहायचे नाहीत असं ठरलं होतं ना?"

"मी पाहिले नाहीत. त्याने दाखवले."

थोरल्या सुनेने चहाचे कप मांडता मांडता नवऱ्याकडे पाहिलं. थोरला खिडकीबाहेर बघत होता. गेला आठवडाभर तो कौटुंबिक चर्चेत याच पद्धतीने भाग घेत होता.

खालच्या घड्याळांच्या दुकानात स्मार्टवॉच ठेवायची की नाही, हा वाद आता उरला नव्हता. तो मागच्या वर्षीच धाकट्या मुलाने जिंकला होता, म्हणजे बाकीचे थकले होते. प्रश्न होता कोणती ठेवायची. दोन कंपन्या एजन्सी द्यायला तयार होत्या. एकीचं घड्याळ चौकोनी, स्वस्त, हव्या त्या रंगाच्या पट्ट्याचं. दुसरीचं गोल, काळं, महाग. कंपन्यांची नावं उच्चारायला इतकी अवघड होती की घरात 'चौकोनी' आणि 'गोल' एवढंच रूढ झालं. गोलवाल्यांना भिंतीवरचं एक कपाट पुरत होतं. चौकोनीवाल्यांना दुकानाची पुढची खिडकी हवी होती. अख्खी.

त्या खिडकीत थोरल्याचं दुरुस्तीचं टेबल होतं. त्याच्या आधी तिथे अण्णा बसत, त्यांच्या आधी दुकान काढणारे आजोबा. घड्याळाचं पोट उघडायला दिवसाचा उजेड लागतो आणि तो दुकानात त्या एकाच जागी येत असे. "टेबल मागच्या खोलीत गेलं तर मी टेबलाबरोबर जाणार नाही," एवढं एक वाक्य थोरला बोलला होता. मग बोलायचं काही शिल्लक राहिलं नाही म्हणून गप्प बसला होता.

चौकोनीवाल्यांचा माणूस सहा वाजता उत्तर घ्यायला येणार होता. नाही म्हटलं तर तो रस्ता ओलांडून समोरच्या मोबाईलवाल्याकडे जाईल, हे त्याने आधीच गोड हसून सांगून ठेवलं होतं. मोबाईलवाल्याने याच आठवड्यात शटरला नवा रंग दिला होता.

थोरली दिवसभर काउंटरवर असायची, त्यामुळे तिला दोन्ही बाजू कळत होत्या, आणि हीच तिची पंचाईत होती. लोक येत, सेल बदलून घेत, पट्ट्याला एक भोक जास्त पाडून घेत आणि जात. मध्यंतरी कॉलेजातली एक मुलगी आली होती. काचेतल्या एका घड्याळावर बोट ठेवून तिने विचारलं, "हे काय काय करतं?"

"वेळ दाखवतं," थोरली म्हणाली.

मुलगी मान हलवून पुढचं ऐकायला थांबली. पुढे काही नव्हतं. थोड्या वेळाने तीच मुलगी समोरच्या दुकानातून बाहेर पडताना दिसली, मनगट डोळ्यांसमोर धरून, स्वतःशीच हसत. तेव्हापासून थोरलीच्या मनात चौकोनी बसलं होतं. पण तसं बोलायचं म्हणजे नवऱ्याला आपल्या हाताने अंधारात बसवायचं.

निकालासाठी आजोबांचा नियम होता: आपल्या मनगटावर जे आठवडाभर टिकलं नाही, ते दुसऱ्याच्या मनगटावर बांधायचं नाही. या नियमातून कोणी सुटलं नव्हतं. सोनेरी पट्ट्यांची ती घड्याळंसुद्धा नाही, ज्यांनी आत्याचं मनगट हिरवं केलं आणि जी अण्णांनी खोक्यासकट परत धाडली. या वेळी कुणावर अन्याय नको म्हणून प्रत्येकाने दोन्ही घालायची असं ठरलं होतं, डाव्या हातात चौकोनी आणि उजव्यात गोल. झोपतानाही काढायची नाहीत. आठवडाभर सगळं घर बेड्या घातल्यासारखं वावरलं. कुणी वेळ विचारली की दोन्ही हात वर जात आणि विचारणाऱ्याला वाटे, हे शरण आले.

दोन्ही घड्याळांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं: दुकानातलं आजोबांचं लंबकाचं घड्याळ मागे आहे. अण्णांनी दोघांनाही चुकीचं ठरवलं होतं.

"माझं आधी वाच," आत्या म्हणाली.

वाचनाचं काम धाकट्या सुनेकडे होतं. ती फिजिओथेरपिस्ट. लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे सोडवण्यात तिचा दिवस जायचा, आणि सगळ्यांची घड्याळं तिच्याच फोनला जोडलेली होती.

"आत्या, चौकोनी म्हणतं, तुम्ही रोज तुमचं ध्येय गाठलंत. शाब्बास. शाब्बास. वा, कमाल. परत शाब्बास. गोल म्हणतं, अजून थोडी हालचाल करा."

"गोल माझ्या सासूवर गेलंय," आत्या म्हणाली. "आमच्या यांनी उभ्या संसारात मला एकदा शाब्बास म्हटलं नाही. हे बिचारं भांडी घासताना पण म्हणतं."

"भांडी घासताना तू चालत नव्हतीस, आत्या," थोरला खिडकीकडूनच म्हणाला.

"हात चालत होते ना?"

"ऐकलंत?" धाकटा खुर्चीतून उठला. पूर्वी तो साबणाच्या कंपनीत विक्रीला होता आणि अजूनही उभं राहिल्याशिवाय त्याला मत मांडता येत नसे. "हाच आपला ग्राहक. माणसाला घड्याळ नको असतं, दादा. कुणीतरी आपली दखल घ्यावी असं वाटत असतं त्याला."

"मग आरसे विक."

"आरसा शाब्बास म्हणत नाही!"

"थांबा, थांबा," धाकटी म्हणाली. "अण्णांचं वाचते." तिने बोटाने पडदा सरकवला. थांबली. पुन्हा सरकवला. मग दवाखान्यात माणसाला आधी बसायला सांगतात तसा आवाज तिने काढला. "अण्णा, तुम्ही दिवसा जवळजवळ चालतच नाही."

"मग एवढी पावलं कुठून आली?"

"रात्री चालता."

अण्णांचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला.

"रोज," धाकटी म्हणाली. "दुकान बंद झालं की सुरुवात, ते थेट सकाळपर्यंत. थोडं चालता, थांबता, परत चालता, परत थांबता."

"झोपेत चालतोय!" आत्याने जाहीर केलं. "आपले काका चालायचे की, अण्णा! एकदा शेजाऱ्यांच्या माळ्यावर सापडले होते."

"ते झोपेत नव्हते," अण्णा म्हणाले.

"आणि ही नाडी बघा," धाकटी फोनवरून नजर न काढता म्हणाली. "रात्रभर एकसारखी. वर नाही की खाली नाही. असं हृदय मी पाहिलेलं नाही."

"मजबूत आहे म्हणून."

"अण्णा, चालणाऱ्या माणसाचं हृदय इतकं शांत नसतं. आपण उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊ. लगेच."

"गोल काय म्हणतं?" थोरल्याने विचारलं.

"गोल काहीच म्हणत नाही. रात्रीची जागा कोरी आहे."

"म्हणजे बघ!" धाकट्याला आता बसणं शक्यच नव्हतं. "ऐन धोक्याच्या वेळी तुझं गोल डाराडूर झोपतं. चौकोनी नसतं तर आपल्याला पत्ताच लागला नसता. आज रात्रीपासून जिन्याच्या दाराला कुलूप. मी तर म्हणतो हे पाटीवर लिहावं: आमच्या वडिलांचा जीव वाचवणारं घड्याळ."

"वडील अजून इथे बसलेत," थोरला म्हणाला.

थोरलीने हातातली बशी हळूच खाली ठेवली. थोडं चालता, थांबता, परत चालता. ही चाल तिच्या ओळखीची होती.

दुकानाच्या मागच्या खोलीत पाळणा होता. पाळणा म्हणजे मोटरवर फिरणारं एक चाक, त्याला लहान लहान गाद्या. हाताच्या हालचालीने किल्ली बसणारी घड्याळं दुरुस्त झाली की रात्री त्या गाद्यांवर चढवायची. चाक थोडं इकडे फिरतं, थांबतं, थोडं तिकडे फिरतं. सकाळी ज्याची वेळ चुकली नसेल ते घड्याळ बरं झालं. धूळ नको म्हणून पाळण्यावर कापड टाकलेलं असायचं, आणि दुकानाचे दिवे घालवताना पाळण्याचं बटण दाबायचं काम थोरलीचं. अण्णा तरुणपणापासून रात्री मनगटावरचं घड्याळ काढून त्याच पाळण्यावर ठेवत. काम करणाऱ्या घड्याळाने रात्री रिकामं पडू नये, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे आठवडाभर सासऱ्यांना रात्रभर चालवत होतो ते आपणच, हे थोरलीच्या ध्यानात आलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने खिडकी सोडली होती आणि तो तिच्याकडेच पाहत होता. त्यालाही कळलं होतं. आणि तोही गप्प होता.

बोलावं तर चौकोनीची अब्रू जाते, एजन्सी रस्त्यापलीकडे जाते आणि काउंटरवर उद्यापासून पुन्हा सेल आणि भोकं. न बोलावं तर चौकोनी जिंकतं आणि खिडकीतलं टेबल जातं. दोन्हीकडून आपलंच घर जळत असेल तर पाणी कुठे ओतायचं, हे तिला ठरवता येईना.

तेवढ्यात तिचं लक्ष अण्णांकडे गेलं. मघाची ऐट कुठल्या कुठे गेली होती. ते आपल्या पायांकडे बघत होते, जणू हे पाय दुसऱ्याच कुणाचे आहेत आणि रात्री मालकाकडे जातात.

"जिन्यावरून पडलो असतो तर?" ते हळू आवाजात म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हे.

"अण्णा," थोरली म्हणाली, "रात्री ही घड्याळं काढून कुठे ठेवता?"

"काढतो कुठे? काढायची नाहीत असं ठरलंय. दुकान बंद करताना मी फक्त..." अण्णांनी स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. हात बिचारे निष्पाप होते. त्यांनी रोजचंच काम केलं होतं. "घड्याळ काढून कुठे ठेवतात? जिथे ठेवतात तिथेच."

"पाळण्यावर," थोरला म्हणाला.

सगळे खाली उतरले. अण्णा सर्वांत शेवटी, पण कठड्याशी तह न करता. मागच्या खोलीत थोरल्याने पाळण्यावरचं कापड काढलं, अण्णांची दोन्ही घड्याळं शेजारशेजारच्या गाद्यांवर बांधली आणि थोरलीने बटण दाबलं. चाक इकडे फिरलं. थांबलं. तिकडे फिरलं. माणसं इतकी वाकून पाहत होती की जणू आत खरंच तान्हं मूल आहे. गोलाच्या काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली: मनगटावर लावा. मग ते विझलं. चौकोनी मात्र पावलं मोजत राहिलं, हिरवा दिवा लुकलुकवून गादीची नाडी तपासत राहिलं, आणि थोड्या वेळाने थरथरून त्याने रंगीत फुगे सोडले. शाब्बास!

आत्या भिंतीला टेकून हसायला लागली. "बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, ते हे!"

"हसा," अण्णा म्हणाले. पण त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं स्पष्ट दिसत होतं. मग जीव भांड्यात पडल्यावर माणसाला रुसायला वेळ मिळतो, तसा त्यांना मिळाला. "म्हणजे या गोलाच्या मते मी आठवडाभर रात्री नव्हतोच."

"घड्याळ मनगटावर नव्हतं, अण्णा," थोरला म्हणाला.

"तेच ते. आणि हे चौकोनी. खोटं बोलतं. पण काय आस्थेने बोलतं!"

"मी गोलाकडे," धाकटीने एकदम सांगून टाकलं.

धाकटा वळला. "काय? कालपर्यंत तू चौकोनी म्हणत होतीस!"

"कालपर्यंत गादीला नाडी नव्हती. माझ्याकडे येणारी माणसं उद्या हा आकडा दाखवून म्हणतील, मी ठणठणीत आहे. मी काय सांगू त्यांना?"

"तू माझी बायको आहेस की गोलाची?"

"सहा वाजेपर्यंत गोलाची."

अशा रीतीने थोरला आणि धाकटी गोलाकडे, आत्या आणि धाकटा चौकोनीकडे. थोरला आणि धाकटी एका बाजूला, हे या कुटुंबाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं आणि दोघांनाही त्याचा अवघडलेपणा जाणवत होता. अण्णा दोन्हीकडून रुसलेले. त्यांनी पाळण्याजवळच्या स्टुलावर बैठक मारली आणि थोरलीकडे पाहिलं.

"काउंटरवर तू असतेस. लोक काय मागतात?"

इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिने उत्तर मात्र कधीपासून तयार ठेवलं होतं.

"वेळ नाही मागत, अण्णा. वेळ सगळ्यांच्या फोनवर असते. आपल्याकडे कुणीतरी बघतंय असं वाटायला हवं असतं त्यांना. चौकोनी खपेल."

थोरल्याने मान खाली घातली.

"पण टेबल खिडकीतून हलणार नाही," ती पुढे म्हणाली. "खिडकीत त्यांचं घड्याळ पाहिजे ना त्यांना? हा पाळणा उचलून टेबलाशेजारी ठेवू. त्यावर चौकोनी दिवसभर फिरू दे, शाब्बास म्हणू दे. वर पाटी लावू: आमचं चौकोनी पाळण्यातही चालतं, तुम्ही घालून चालून बघा. लोक थांबतील, हसतील. हसणारा माणूस दारातून परत जात नाही. आणि ज्याला खरी नाडी पाहिजे त्याला आत कपाटातलं गोल दाखवू."

"स्वतःच्याच मालाची खोड पाटीवर लिहायची?" धाकटा म्हणाला. मग त्याच्यातला साबणवाला जागा झाला. "थांब. थांब, वहिनी. हे कुणीच केलेलं नाही."

"कंपनी ऐकणार नाही," थोरला म्हणाला.

"नाही ऐकलं तर समोर जाईल."

"तुला चालेल?"

"नाही चालणार," ती म्हणाली. "रोज काउंटरवर बसून समोरच्याची गर्दी बघायची मला हौस नाही. पण तुमच्या पाठीवर ट्यूबलाइट आणि समोर भिंत, तेही चालणार नाही. आता यातलं काय जास्त चालणार नाही ते त्या माणसाला ठरवू दे."

थोरल्याने पाळण्याची एक बाजू धरली. दुसरी बाजू, कुणी न सांगता, धाकट्याने धरली.

कंपनीचा माणूस आला तेव्हा दोन्ही स्मार्ट घड्याळांच्या मते त्याला उशीर झाला होता आणि आजोबांच्या घड्याळाप्रमाणे तो अगदी ठोक्याला हजर होता. अण्णांनी सर्वांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. माणूस तरुण होता, मनगटावर नारिंगी चौकोनी, खांद्यावर कंपनीची बॅग. बॅग काउंटरवर ठेवून तो गोड हसला.

"मग, खिडकी कधी रिकामी करताय?"

"खिडकी बघा ना," थोरली म्हणाली.

त्याने पाहिलं. डोळ्याला भिंग लावून थोरला टेबलावर वाकला होता. शेजारी पाळणा फिरत होता. खोक्याच्या पुठ्ठ्यावर थोरलीच्या अक्षरातली पाटी होती. काचेबाहेर एक बाई पिशवी घेऊन थांबली होती आणि पाटी वाचून हसत होती. त्याच क्षणी घड्याळ थरथरलं. फुगे. शाब्बास!

माणसाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण आता ते कुणाचं आहे हे सांगता आलं नसतं.

"हे... हे तुम्ही काढणार ना?"

"नाही," थोरली म्हणाली. "टेबलही नाही. या अटीवर एजन्सी आम्हाला हवी आहे. मनापासून हवी आहे."

"साहेबांना विचारावं लागेल."

"विचारा की. चहा टाकते."

तो फोन कानाला लावून बाहेर गेला. बाहेरची बाई आत आली आणि काउंटरवर हात टेकून म्हणाली, "ते फुगे सोडणारं दाखवा हो जरा." एजन्सीच नव्हती, तर दाखवायला माल कुठला? थोरलीने स्वतःच्या डाव्या मनगटावरचं सोडून तिच्या हातात दिलं. बाईने ते बांधलं आणि तिथल्या तिथे चालायला लागली. आत्याने तिला चाल शिकवायला घेतली.

चहा झाला. कंपनीचा माणूस अजून रस्त्याच्या मधोमध दुभाजकावर उभा होता, एक हात वर करून साहेबांना काहीतरी चौकोनी आकाराचं समजावत. मोबाईलवाला आपल्या रंगवलेल्या शटरखाली येऊन उभा राहिला आणि त्याने खुर्ची पुढे सरकवली.

"गेला," थोरला भिंग न काढता म्हणाला.

खरंच, माणसाने रस्ता ओलांडला होता. तो मोबाईलवाल्याच्या दारात उभा होता, पण बसला नव्हता; फोन अजून कानाला होता आणि तोंड इकडे, खिडकीकडे होतं. खिडकीबाहेर आता आणखी दोन माणसं थांबली होती.

त्याची बॅग इथेच काउंटरवर होती. थोरलीने त्याच्या कपावर बशी झाकली.